चौथ्या डबीचा आकडा

टेलरबाईने आयुष्यात एकदाच मन मोकळं केलं, आणि तेही नेमकं फूटपट्टीसमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फूटपट्टी हे अर्थात गावाने ठेवलेलं नाव. माणूस जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. बायकोने भिंतीला घड्याळ लावलं तर खिशातून टेप काढून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचा. नोकरीत असताना आपली मोजणी कधी चार बोटंही चुकली नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरं होतं, हीच पंचाईत. कधीतरी चुकलेली माणसं जरा मऊ असतात.

तो पँट आखूड करून घ्यायला आला होता. टेलरबाई गुडघ्यांवर बसून त्याच्या घोट्यापाशी टाचण्या लावत होती. तो वरून म्हणाला, "घर जुनं दिसतंय ताई. कुणी बांधलं?" इतकंच. पण बावन्न वर्षांच्या त्या बाईला कित्येक वर्षांत कुणी बाही आणि कॉलर सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं. नवरा गेलेला, आई गेलेली, मूलबाळ नाही, आणि घरात एक एक्याऐंशी वर्षांचे बाबा, ज्यांना ही गोष्ट सांगायची सोय नव्हती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि बोलत सुटली.

तिने सांगितलं ते असं. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी गावात परकी फौज होती. गल्लीच्या टोकाला छापखाना होता, त्याच्या तळघरात फौजेविरुद्धची पत्रकं छापली जायची. तिचे आजोबा तार ऑफिसात कारकून होते. त्यांना छापखानेवाल्यांची नावं ठाऊक होती. एका हिवाळ्यात त्यांनी ती नावं फौजेला दिली. त्या बदल्यात त्यांना मिळाला कोळसा आणि गावात कुठेही फिरायचा एक पास. नावं अकरा होती. अकराच्या अकरा जणांना नदीच्या पुलावर उभं करून गोळ्या घातल्या. पुलावर त्यांची पाटी आहे, ती गावातल्या पोरासोरालाही माहीत आहे. नावं कुणी दिली ते मात्र फक्त गल्लीला माहीत होतं. फौज गाव सोडू लागली तेव्हा आजोबा एका पहाटे जे बंदराकडे गेले ते परतले नाहीत. आजीने चार वर्षांच्या बाबांना सांगितलं, तुझ्या वडिलांना शिपायांनी नेलं. बाबांनी ते आजवर खरं मानलं. पुढे गल्लीतली माणसं मेली, बदलली, घरं विकली गेली, आणि गोष्टही विझली. टेलरबाईला ती आईने मरताना सांगितली, आणि आईला आजीने.

"हे बघा," म्हणून तिने बटणांच्या डब्यातून तो पाससुद्धा काढून दाखवला. पिवळा कागद, गोल शिक्का, 'या इसमास कोणीही अडवू नये.' फूटपट्टीने मोबाईलवर त्याचा फोटो काढला. कागद तिनेच धरून ठेवला, उजेडाकडे.

"फार मोलाचं आहे ताई हे," तो म्हणाला, आणि तिला बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तिलाही माहीत होतं, पण मूठ सत्त्याहत्तर वर्षं झाकून ठेवली की बोटं आखडतात हो.

आता फूटपट्टीला निवृत्तीनंतर जिओकॅशिंगचा नाद लागला होता. खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकायचे आणि देशोदेशीच्या रिकामटेकड्यांनी मोबाईल नाकासमोर धरून ती शोधायची. सापडली की आतल्या वहीत सही करायची, डबी होती तिथे ठेवायची आणि अ‍ॅपवर शेरा लिहायचा. फूटपट्टीने त्यातून गावाचा इतिहास सांगायचं ठरवलं. सात जुन्या जागा, सात डब्या. प्रत्येक डबीत एक छापील चिठ्ठी, तिच्यात त्या जागेची हकीकत आणि शेवटी एक आकडा. साती आकडे अक्षांश-रेखांशातल्या सात रिकाम्या जागी भरले की आठव्या डबीचा ठिकाणा मिळायचा. ती होती जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर.

तुरुंगाला एक डबी मिळाली, मिठाच्या कोठाराला एक, छापखान्याच्या तळघराला एक. आणि चौथी मिळाली टेलरबाईच्या घराला. पावसाच्या पाण्याचा एक फुटका लोखंडी पाइप होता, बाबांच्या खिडकीच्या अगदी खाली. त्यात.

टेलरबाईला कळलं ते तिसऱ्या दिवशी, एक जोडपं तिच्या भिंतीपाशी वाकून पाइपात हात घालताना दिसलं तेव्हा. ते गेल्यावर तिने डबी काढून चिठ्ठी वाचली. 'फितुराचं घर' असं वर ठळक छापलं होतं. खाली पासचा फोटो. शेवटी, 'या घरातील तार कारकुनाने किती जणांची नावं दिली? तो आकडा चौथ्या रिकाम्या जागी भरा.'

ती तशीच, गळ्यात टेप लटकत असताना, फूटपट्टीच्या घरी गेली.

"साहेब, ती डबी काढा. माझे बाबा त्याच खिडकीत बसतात."

"मी तुमच्या बाबांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही," फूटपट्टी म्हणाला. "त्यांच्या वडिलांबद्दल लिहिलंय."

"त्यांना माहीत नाही हो ते. म्हातारा जीव आहे. आणखी किती दिवसांचे आहेत ते? त्यानंतर लावा, मी स्वतः लावून देईन."

"ताई, इतिहास म्हणजे तुमच्या दुकानातलं कापड नव्हे, हवं तिथे कापायला. आणि चौथी काढली तर आठवी सापडणार कशी? सगळी मांडणीच कोसळेल."

"विश्वासानं सांगितलं होतं मी तुम्हाला."

"खोटं सांगितलं होतं का?"

ती परत आली. रस्ताभर तिने स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या.

आता बाबांचं. बाबांनी पस्तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली. हजारो माणसं त्यांच्या हाताखालून गेली, पण घरी कधी कुणी आलं नाही. लहानपणी गल्लीतली मुलं त्यांना खेळायला घेत नसत. आपण पाय ओढत चालतो म्हणून, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पुढे लग्नालासुद्धा शेजारचं कुणी आलं नाही. आताशा डोळे गेले होते, माणूस समोर आला की नुसता काळपट आकार दिसायचा. दिवसभर ते खिडकीत बसायचे आणि रस्त्यावरच्या पावलांवरून चालणाऱ्याचं वय ओळखायचे. लेकीचा हात धरून पुलावरून जाताना मात्र ते अजूनही टोपी काढायचे. "अकरा जण," म्हणायचे, "सोन्यासारखी माणसं."

टेलरबाई हे ऐकायची आणि खाली मान घालायची.

तर अशा माणसाच्या खिडकीखाली एकाएकी रोज दोन-चार माणसं यायला लागली. वाकायची, कुजबुजायची, हसायची. पहिले दोन दिवस बाबा घाबरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शोधताय?" कुणीतरी खेळ समजावून सांगितला. बाबा हरखले. चौथ्या दिवसापासून ते स्वतःच खिडकीतून हात बाहेर काढून सांगायला लागले, "तिकडे नाही, खाली. आणखी खाली. हां, पाइपात!" आणि डबी सापडली की त्यांनाच सापडल्यासारखे टाळ्या पिटायचे. माणसं चिठ्ठी वाचायची, एकमेकांकडे बघायची, म्हाताऱ्याकडे बघायची आणि काढता पाय घ्यायची.

एके दिवशी बाबांनी लेकीला हाक मारली. "अगं, ती डबी आण बघू. काय लिहिलंय आपल्या घराबद्दल? कुणी वाचूनच दाखवत नाही मेलं."

टेलरबाई चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. काहीच नाही म्हणावं, तर बाबा पुढच्या माणसाकडून वाचून घेतील. मग तिने जे केलं ते आयुष्यभर कपडे उसवून पुन्हा शिवणाऱ्या बाईलाच सुचू शकतं. तिने तेच कापड घेतलं आणि दुसरंच काही शिवलं.

"लिहिलंय," ती म्हणाली, "की या घरात तार ऑफिसातले एक कारकून राहत. फौजेची एक तार त्यांच्या हाताखालून जाणार होती. तिच्यात छापखानेवाल्यांची वीस नावं होती. कारकुनांनी तार पाठवताना नऊ नावं गाळली. अकरा मेले, पण नऊ वाचले. फौजेला पुढे ते कळलं, म्हणून शिपाई त्यांना घेऊन गेले."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "नऊ," ते म्हणाले. "मला वाटायचं, उगाच नेलं त्यांना. उगाच नव्हतं गं."

त्याच दुपारी टेलरबाई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि स्वतःची चिठ्ठी टाइप करून, लॅमिनेट करून घेऊन आली. तोच आकार, तीच अक्षरं. शेवटची ओळ ठेवायची म्हणून ठेवली: 'या कारकुनाने किती जणांना वाचवलं? तो आकडा चौथ्या रिकाम्या जागी भरा.' रिकामी जागा म्हणजे काय, तिथे भरलेल्या आकड्याचं पुढे काय होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या लेखी तो खेळातला काहीतरी पोरखेळ होता. जुनी चिठ्ठी तिने शिवणाच्या कात्रीने बारीक कातरून चुलीत टाकली.

पुढचे सहा आठवडे बाबांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते, हे लिहितानासुद्धा चीड येते. रोज सकाळी दाढी. लेकीने मापात बसवून दिलेला कोट. माणूस खिडकीखाली आला की बाबा त्याला डबीला हात लावायच्या आधी गोष्ट सांगायचे. गोष्ट रोज थोडी वाढायची. वडील तार यंत्रापुढे बसलेत, मागे बंदूकधारी शिपाई उभा आहे, आणि त्यांचं बोट एकामागून एक नऊ नावं गाळत जातं. माणसं ऐकायची, फोटो काढायची, कुणी हात हातात घ्यायचं. रात्रीच्या जेवणाला बाबा हिशोब द्यायचे, "आज सात आले. एक बाई तर रडली." अ‍ॅपवर शेरे पडत होते: 'डबी सोपी, पण आजोबांना भेटायला जायलाच हवं!' टेलरबाईला वाटायला लागलं, जमलं. तिने कानाला खडा लावला, यापुढे कुणापुढे तोंड उघडायचं नाही. उशीर झाला होता.

कारण नऊ आकडा भरला की आठव्या डबीचा ठिकाणा बुरुजावर पडत नव्हता. चाळीस पावलं अलीकडे, किल्ल्याच्या खंदकात पडत होता, आणि त्या खंदकात गावाच्या गटारांचं पाणी येतं. साती आकडे जमवणारे थोडेच निघाले; त्यातल्या पहिल्या दोघांनी बूट घालवले. एकजण कंबरेपर्यंत रुतला, त्याला दोरीने काढावं लागलं. मग अ‍ॅपवर वेगळे शेरे आले: 'ठिकाणा साफ चुकीचा.' 'ज्याने मोजलं त्याला मोजता येत नाही.' 'हे म्हणे मोजणी खात्यात होते!'

माणसाला कशाने लागेल याचा नेम नाही. अकरा खून, एक आंधळा म्हातारा, एका बाईचा मोडलेला विश्वास, यातल्या कशाने फूटपट्टीच्या पापणीचा केस हलला नव्हता. पण 'मोजता येत नाही' हे वाक्य त्याला झोपू देईना. रविवारी सकाळी त्याने सात-आठ खेळाडूंना बोलावलं आणि सगळ्यांदेखत एकेक डबी तपासत निघाला. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी बरोबर.

टेलरबाईने मशीनवरून त्यांना गल्लीत वळताना पाहिलं. हातातला झगा टाकून ती धावत बाहेर गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, चिठ्ठी मी बदलली," ती हळू आवाजात म्हणाली. "माझंच चुकलं. पाया पडते तुमच्या, पण इथे काही बोलू नका. चला, नाक्यावर जाऊन सगळ्यांना मी सांगते."

"तुम्ही बदललीत?" फूटपट्टी मोठ्याने म्हणाला. त्याला हळू बोलताच येत नव्हतं, आयुष्यभर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ओरडून मोजणी केलेली. "म्हणजे माझी मोजणी बरोबर होती! ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"कोण आलंय?" खिडकीतून बाबांचा आवाज आला. "या, या! आज पुष्कळ जण दिसताय. जवळ या, म्हणजे नीट सांगतो." आणि त्यांनी कोटाचं बटण लावून सुरुवात केली.

फूटपट्टीने त्यांना बोलू दिलं. हे त्याच्या हिशोबी सभ्यपणाचं होतं. बाबांनी तार ऑफिस सांगितलं, शिपाई सांगितला, वीस नावं सांगितली. एका तरुणाने मोबाईल वर धरून चित्रण चालू केलं. टेलरबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला खिडकी बंद करावीशी वाटत होती, पण बाबांचा हात चौकटीवर होता.

"आणि माझ्या वडिलांनी," बाबा म्हणाले, "नऊ माणसं वाचवली."

"अकरा," फूटपट्टी म्हणाला.

बाबा हसले. "नाही हो, अकरा ते मेलेले. वाचलेले नऊ. तुमची गल्लत होतेय."

"माझी गल्लत होत नसते. आकडा अकराच आहे. आणि वाचवले नाहीत, आजोबा. दिले. अकरा जणांची नावं तुमच्या वडिलांनी फौजेला दिली. कोळसा आणि पास यांच्या बदल्यात. पासचा फोटो आहे माझ्याकडे. त्यांना कुणी नेलं नाही, ते आपल्या पायांनी बंदरावर गेले." मग लोकांकडे वळून, "कृपया चौथ्या जागी अकरा भरा. एक, एक."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. एक बाई म्हणाली, "जाऊ द्या ना आता," पण म्हणता म्हणता तिने मोबाईलवर आकडा बदलला. तरुणाने चित्रण थांबवलं नाही.

बाबांनी मान वळवली. लेक कुठे उभी आहे ते त्यांना श्वासावरून कळत असावं.

"काय म्हणतायत हे?"

टेलरबाई खिडकीजवळ आली.

"मनाचं काही सांगत नाही मी," फूटपट्टी म्हणाला. "तुमच्या मुलीनेच सांगितलं मला. पाससुद्धा त्यांनीच दाखवला. विचारा हवं तर."

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"आई गेली तेव्हापासून."

"म्हणजे तिलाही माहीत होतं." बाबा थांबले. "आणि माझ्या आईला. आणि गल्लीला." ते मनात एकेक जण मांडत होते, खेळायला न घेणारी मुलं, लग्नाला न आलेले शेजारी, फेरीबोटीवर तिकीट हातात न देता फळीवर ठेवणारे म्हातारे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून लोक पाइपाकडे बघत होते.

"परक्या माणसाला सांगितलंस," बाबा शेवटी म्हणाले. "मला नाही."

त्यांनी कोटाचं बटण काढलं. लोक निघून गेले. फूटपट्टीने खिशातून नवी चिठ्ठी काढून डबीत घातली, डबी पाइपात बसवली, आणि सगळे बुरुजाकडे गेले. आठवी डबी जिथे असायला हवी तिथे, चार बोटंही इकडेतिकडे नाही, अशी सापडली. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली नाही. टेलरबाईने पाणी गरम करून ठेवलं, ते थंड झालं. जेवण समोर ठेवलं तर जेवले, तेवढंच. तिच्याशी एक शब्द नाही. तिला वाटलं, आता खिडकी बंद राहील आणि हळूहळू सगळं निवेल. पण नऊ वाजता पाय ओढत ते खिडकीपाशी गेले आणि रोजच्या खुर्चीवर बसले.

अकराच्या सुमारास एक जोडपं आलं. "आजोबा, तुम्ही गोष्ट सांगता ना? आम्ही मुद्दाम आलोय."

"गोष्ट नाही," बाबा म्हणाले. "चिठ्ठीत आहे तेच खरं. माझ्या बापाने दिले. अकरा. अकरा भरा, नाहीतर खंदकात जाल."

टेलरबाईचे पाय मशीनच्या पायडलवर थांबले.

त्या दिवशी पाच जण आले. पाचहीजणांना बाबांनी तेच सांगितलं, त्याच सुरात, पूर्वी फेरीबोटीवर 'सरका पुढे' म्हणायचे तसं. दुसऱ्या दिवशी सहा. कुणी विचारो न विचारो. अ‍ॅपवर शेरा पडला: 'आजोबा आता गोष्ट सांगत नाहीत, जरा विक्षिप्त वाटतात, पण आकडा बिनचूक सांगतात.' रविवारचं चित्रण तर कुठल्या कुठे पोचलं होतं. येणारे वाढले. रांग लागायला लागली.

नवव्या दिवशी टेलरबाईला सहन होईना. सकाळी रस्ता मोकळा असताना ती बाहेर गेली, पाइपात हात घातला आणि डबी ओढून काढली. ती नदीत टाकायची, फूटपट्टीने दुसरी लावली तर तीही टाकायची, रोज टाकायची, असं तिने ठरवलं होतं.

लोखंडावर डबी घासल्याचा आवाज झाला.

"ठेव ती जागेवर," खिडकीतून बाबा म्हणाले. नऊ दिवसांत ते पहिल्यांदा तिच्याशी बोलत होते.

"बाबा, नको हो. कशाला हे रोज रोज?"

"माणसं यायची आहेत," बाबा म्हणाले. "एक्याऐंशी वर्षांत दुसरं कोण आलंय माझ्याकडे? ठेव."

ती डबी छातीशी धरून थोडा वेळ उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी तिघं-चौघं वळताना दिसली, मोबाईल नाकासमोर धरलेली. तिने वाकून डबी पाइपात बसवली, आत येऊन मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेली बाही हातात घेतली.

बाहेर कुणीतरी विचारलं, "हेच का हो ते घर?"

"हेच," बाबा म्हणाले. "अकरा."